नंबरप्रमाणे घर

सोमवारी लग्न. लग्नात काकांचा आहेर: एक प्लॉट आणि एक घर. घर उभं नाही, पेट्यांमध्ये भरलेलं. पेटीवरचा नंबर बघायचा आणि जोडत जायचं. मंगळवारी नवराबायको पेट्या फोडून कामाला लागतात. शुक्रवारी पाहुणे बोलावतात आणि तो शुक्रवार नेमका तेरा तारखेचा निघतो. आठवडा सरतो तेव्हा रेल्वेच्या रुळांवर फळ्यांचा ढीग पडलेला असतो आणि दोघं हातात हात घालून तिथून चालू लागतात. अमेरिकन विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनच्या ‘वन वीक’ या मूकपटाची गोष्ट एवढीच. साल १९२०, दोन रिळं, वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ, आवाज नाही.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याने या दोन उद्योगांच्या मध्ये दम खायला थोडी उसंत धरली असणार. कीटनने ती काढून टाकली.

मूकपट बघायचेत, कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की बहुतेक जण चॅप्लिनचं नाव घेतात. मी हा सांगते. चॅप्लिनवर माझा राग नाही, पण त्याच्याकडे आपण रुमाल घेऊनच जातो. त्याच्या हसण्यामागचं रडणं शोधायचं असतं हे आपल्याला फार लवकर शिकवलं जातं. कीटन प्रेक्षकाकडून काही मागत नाही. त्याचा चेहरा हलत नाही, तो कीव मागत नाही, टाळी मागत नाही. एक काम हातात घेतलेलं असतं आणि ते पुरं करायचं असतं, बस. त्यात तो पडतो, चिरडला जातो, उडून फेकला जातो, उठतो आणि हातोडी शोधायला लागतो. या चित्रपटाचे हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. एक सूचना मात्र आगाऊपणे करते. त्यावर कुणी नंतर चढवलेलं टिणटिण पियानो संगीत असेल तर आवाज बंद करा. विनोद कुठे आहे हे आपल्या आधी त्या पियानोलाच कळतं आणि तो ते ओरडून सांगतो.

पेट्यांमधलं घर ही कीटनच्या डोक्यातून निघालेली गंमत नव्हे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मिशिगनमधल्या बे सिटीतली अलादिन कंपनी १९०६ पासून घरांचे संच टपालाने विकत होती. १९०८ मध्ये सिअर्स, रोबक या बड्या कंपनीने आपल्या कॅटलॉगात घरं आणली. ज्या कंपनीकडून शिवणयंत्र आणि बूट मागवायचे, तिच्याकडूनच घर मागवायचं. लाकडं कापून, खुणा करून रेल्वेने जवळच्या स्टेशनावर यायची, सोबत नकाशे आणि सूचनांचं पुस्तक. १९४० पर्यंत सिअर्सने अशी सत्तर हजारांच्या आसपास घरं विकली असा अंदाज आहे, आणि त्यातली कितीतरी आजही उभी आहेत, लोक त्यांत राहतात. म्हणजे १९२० च्या अमेरिकन प्रेक्षकाला पेट्यांचं घर अजिबात चमत्कारिक वाटलं नसणार. शेजारच्या गल्लीत कुणीतरी तसंच बांधत असेल.

त्यात आणखी एक मजा आहे. फोर्ड मोटर कंपनीने १९१९ मध्ये ‘होम मेड’ नावाचा एक माहितीपट काढला होता. तयार भागांचं घर झटपट कसं उभं राहतं, हे त्यात दाखवलेलं. त्यात लग्न आहे, फोर्डची मोटार आहे आणि दिवस पुढे सरकल्याचं दाखवायला कॅलेंडरची पानंही आहेत. कीटनच्या चित्रपटातही हे सगळं जसंच्या तसं आहे, त्यामुळे त्याने ही जाहिरातवजा फिल्म पाहिली असणार असं अभ्यासक मानतात. मला ते पटतं. टर उडवायची तर आधी गोष्ट तिच्या सगळ्या तपशिलांसह मान्य करावी लागते, आणि कीटन त्या घराला शेवटपर्यंत मान्य करत राहतो.

घर बिघडतं ते असं. नवरीने ज्याला नकार दिला तो हँक नावाचा इसम लग्नापासूनच यांच्या मागे आहे. तो हळूच येतो आणि पेट्यांवरचे नंबर रंगाने बदलतो. एकाचा चार होतो, तिनाचा आठ. इंग्रजी आकड्यांना असं फसवणं सोपं असतं. सूचनापत्रात तर स्वच्छ लिहिलंय की घर देखणं व्हायला हवं असेल तर पेट्यांवरच्या नंबरांप्रमाणे उभं करा. आणि बस्टर तसंच करतो, एकही पायरी न गाळता. लोक नेहमी म्हणतात की मूर्ख माणसाच्या चुकांवर हा असला विनोद चालतो. इथे उलट आहे. हा माणूस सूचना वाचतो, पाळतो, मेहनत घेतो, कामचुकारपणा करत नाही. घर वाकडं होतं ते त्याने सगळं बरोबर केल्यामुळे.

जे उभं राहतं ते एकदा बघायला हवं. भिंती एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत असं वाटतं. खिडक्या कलत्या, छप्पर आखूड, वरच्या मजल्यावर हवेत उघडणारं दार. स्वयंपाकघरातली मोरी भिंतीबरोबर बाहेरच्या अंगाला आलेली. तेव्हा युरोपात चित्रकार घराचे असे तुकडे करून कॅनव्हासवर मांडत होते, त्यामुळे या घराकडे बोट दाखवून घनवादाबद्दल बोलणारे लेख निघतात. वाचायला बरे असतात. मला ते घर बघून चित्रकला आठवत नाही, आमचा जिना आठवतो.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराचं बांधकाम आईने करून घेतलं, म्हणजे साइटवर ती उभी राहिली. बाबा कचेरीत, आई वाळूच्या ढिगाजवळ. विटांचा ट्रक आला की मोजून घेणं, सकाळ-संध्याकाळ स्लॅबला पाणी मारणं, गवंड्याच्या हातात ओळंबा आहे की नाही हे बघणं, हे सगळं तिच्याकडे. भिंत ओळंब्यात आहे का, कोपरा गुण्यात आहे का, असं ती अजूनही विचारते, मग ती भिंत कुणाचीही असो. एवढं करूनही जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच झाली. कशी झाली याच्या दोन कथा आहेत. आईच्या मते बाबांनी ऐनवेळी वरच्या खोलीची फरशी बदलली. बाबांच्या मते ज्या दिवशी जिना भरला त्या दिवशी आई माहेरी गेली होती. पाहुणा वर निघाला की दोघं एकदम म्हणायचे, “शेवटची पायरी जरा सांभाळून,” आणि मग एकमेकांकडे बघायचे. त्या बघण्यात सगळा खटला पुन्हा उभा राहायचा. पायरी कधीच दुरुस्त झाली नाही. दुरुस्त झाली असती तर भांडायचं कशावरून हाही प्रश्नच होता.

आई पुण्याला आमच्याकडे आली होती तेव्हा तिला ‘वन वीक’ दाखवला. मूकपट म्हटल्यावर तिने विणकाम हातात घेतलं, पण पाच मिनिटांत सुया थांबल्या. बस्टर तुळईच्या बाहेरच्या टोकावर बसून आतल्या बाजूने करवत चालवतो, तिथे ती हसली नाही. “असे असतात गं,” म्हणाली, “आमच्याकडे एक सेंट्रिंगवाला होता.” घर पुरं झालेलं दिसलं तेव्हा तिने पहिल्यांदा हसून डोळे पुसले. मग ती एकदम म्हणाली, “आणि ही त्याला काही बोलत नाही?”

बोलत नाही. चित्रपट मूक आहे म्हणून नव्हे. मूकपटातल्या बायका नवऱ्याला भरपूर बोलतात, पाट्या भरभरून बोलतात. त्या काळच्या विनोदी पडद्यावर बायको म्हणजे लाटणं घेऊन दारात उभी, किंवा नवऱ्याने चोरून बाहेर पडायचं ते जिच्यापासून, ती. ‘वन वीक’ची पहिली पाटीसुद्धा त्याच जातीची आहे: लग्नाच्या घंटांचा नाद गोड पण पडसाद आंबट, अशा अर्थाची. आता पडसाद ऐकायची तयारी करून आपण बसतो आणि तो येतच नाही. घर गरगर फिरतं, छत गळतं, भिंती उलटतात, पण या दोघांत एकदाही तंटा होत नाही. ‘हे तुझ्यामुळे झालं’ असा एक हातवारा, एक नजर, काहीही नाही. बस्टर पडला की ती धावते, ती अडकली की तो चढतो. मध्येच एकदा ती भिंतीवर बाणाने जोडलेले दोन बदाम रंगवत बसलेली दिसते. वाकड्या घराची ती एकच सजावट, आणि ती वेळेवर पुरी झालेली.

ही सिबिल सीली. मॅक सेनेटच्या विनोदी चित्रपटांतून आलेली, तेव्हा जेमतेम विशीची. पुढे कीटनच्या आणखी काही छोट्या चित्रपटांत ती आहे, ‘द बोट’मध्ये पुन्हा त्याची बायको, १९२२ नंतर ती पडद्यावर दिसत नाही. कीटनच्या नंतरच्या नायिका पुष्कळदा सामानासारख्या इकडून तिकडे नेल्या जातात, आणि कीटनचे चाहतेही हे कबूल करतात. सीली तशी नाही. ती उचलते, खेचते, ढकलते. तिच्या चेहऱ्यावर हसू असतं, आणि कीटनच्या चेहऱ्यावर ते नसल्यामुळे दोघांचं मिळून ते पुरतं. तिला जास्त चित्रपट मिळाले असते तर आपण या जोडीबद्दल वेगळं बोललो असतो असं मला दर वेळी वाटतं.

तिचा न्हाणीचा प्रसंग तर आजही धीट वाटतो. ती टबात बसली आहे, साबण हातातून निसटून बाहेर पडतो. घ्यायचा तर उठायला हवं. ती आपल्याकडे, सरळ कॅमेऱ्याकडे बघते. आणि एक हात येऊन कॅमेऱ्याचं भिंग झाकतो. हात बाजूला होतो तेव्हा ती साबणासकट टबात बसलेली. पंचवीस मिनिटांतला हा एकच क्षण असा आहे की जिथे चित्रपट आपण चित्रपट असल्याचं उघड सांगतो, आणि ते तिच्या सोयीसाठी. हसते ती, फजिती होते ती आपली, म्हणजे बघणाऱ्यांची. आईने या जागी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “हात कुणाचा?” कॅमेऱ्यामागे एल्जिन लेस्ली होता, कीटनचा जुना साथीदार. हात त्याचा की आणखी कुणाचा हे पडद्यावर कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

आता जरा कीटनबद्दल, कारण हा माणूस पडतो कसा हे समजल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. त्याचा जन्म १८९५ चा, कॅन्ससमधल्या पिक्वा गावचा. आईबाप फिरत्या रंगमंचावरचे कलाकार. लहानपणीच तो त्यांच्या खेळात आला आणि ‘द थ्री कीटन्स’ असं नाव पडलं. खेळ असा की बाप त्याला उचलून नेपथ्यावर, पडद्यावर, कधी वाद्यवृंदाच्या खड्ड्यात फेकायचा. उचलायला सोपं जावं म्हणून पोराच्या अंगरख्याला पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली होती. मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्था मागे लागायच्या, पोराच्या अंगावर वळ शोधायच्या. आजच्या नजरेने हे वाचवत नाही, आणि त्यात गोड काही शोधायचा माझा प्रयत्नही नाही. पण दोन गोष्टी त्याला तिथेच मिळाल्या. जमिनीवर कसं आदळायचं, आणि आदळल्यावर आपण हसलो तर लोक कमी हसतात, हे. दगडी चेहरा तिथून आला.

१९१७ मध्ये रॉस्को आर्बकल या विनोदी नटाने त्याला सिनेमात आणलं. मधले काही महिने लष्करात, फ्रान्समध्ये गेले. १९२० मध्ये जोसेफ शेंक या निर्मात्याने त्याला स्वतःचा स्टुडिओ दिला, जो त्याआधी चॅप्लिनने वापरलेला होता. तिथे केलेला पहिला चित्रपट ‘द हाय साइन’. तो कीटनला पसंत पडला नाही, त्याने तो बाजूला ठेवला आणि दुसरा आधी बाहेर काढला. तोच हा ‘वन वीक’. एडी क्लाइनसोबत दिग्दर्शन केलेला, सप्टेंबर १९२० मध्ये आलेला. पहिलाच घास नावडला म्हणून बाजूला सारण्याइतकी अक्कल आणि हिंमत चोवीस वर्षांच्या माणसाकडे होती, याचं मला चित्रपटातल्या कुठल्याही कसरतीपेक्षा जास्त नवल वाटतं.

कीटन काहीच लपवत नाही. कॅमेरा मागे, माणूस डोक्यापासून पायापर्यंत पुरा दिसतो, घरही पुरं दिसतं. कापाकापी करून पडल्याचा भास करायचा नाही, पडायचं. न्हाणीघरातून तो ऐटीत दार उघडून बाहेर पाऊल टाकतो आणि बाहेर मजलाच नसतो, तो सरळ दोन मजले खाली येतो. ती उडी त्यानेच मारली आणि त्यात त्याला चांगलंच लागलं. वादळात घर भोवऱ्यासारखं फिरतं तेही खरंच फिरतं, कारण ते फिरत्या चकतीवर बांधलेलं होतं. तंत्रविभाग सांभाळणारा फ्रेड गॅबोरी नावाचा माणूस पुढेही वर्षानुवर्षं कीटनची असली वेडी यंत्रं बनवत राहिला. भिंत अंगावर कोसळते आणि उघड्या खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे माणूस वाचतो, ही कीटनची प्रसिद्ध युक्ती १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मधली म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. तिथली भिंत जड, खरी, जीव घेणारी. तिची लहान बहीण इथे, ‘वन वीक’मध्ये भेटते.

पियानोचा प्रसंग मला या सगळ्यात सर्वांत चोख वाटतो. जो रॉबर्ट्स नावाचा अगडबंब नट पियानो खांद्यावर टाकून असा आणतो की जणू उशी आणली. तो सहज बस्टरच्या हातात देतो आणि बस्टर पियानोखाली सपाट. रॉबर्ट्स पावती पुढे करतो, आणि पियानोखालून एक हात येऊन सही करतो. व्यवहार पुरा. मग तो पियानो आत ओढायला बस्टर छताला दोर बांधतो. दोर ओढला की पियानो हलत नाही, छत खाली येतं. आणि छत म्हणजे वरच्या खोलीची जमीन, तिथे एक जण बसलेला आहे. दोर सुटतो, छत पूर्ववत होतं आणि वरच्या माणसाचं डोकं छपरातून बाहेर. इथे बळ कुठून कुठे गेलं हे शाळेतल्या पोरालाही फळ्यावर काढून दाखवता येईल. कुणी कुणाला मारलेलं नाही. त्या काळच्या बाकी विनोदात केकची फेकाफेक, बुक्क्या, ढुंगणावर लाथा. कीटनकडे वस्तूच माणसांशी हिशेब करतात, आणि हिशेब चुकत नाही.

आपल्याकडेही अशा धाटणीच्या चित्रफिती पोचल्या होत्या. ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा त्याच खेळात नाच होता, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू होता आणि विनोदी चित्रंही होती. सत्यासाठी राज्य सोडणारा राजा आणि धडपडणारा गोरा माणूस एकाच तिकिटात. दादासाहेब फाळक्यांना या मिसळीची किंमत बरोबर कळली होती. पुढच्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ आला तेव्हा त्याच्या जोडीला त्यांनी स्वतःचा एक विनोदी छोटा चित्रपट लावला, ‘पिठाचे पंजे’. नावावरूनच हात पिठाने माखलेले दिसतात आणि कुठे कुठे उमटले असतील याचा अंदाज करावासा वाटतो. फाळके म्हटलं की आपण हात जोडतो. त्याच माणसाने लोकांना खो-खो हसवायचा घाट घातला होता हे आपण फारसं बोलत नाही.

शुक्रवारचा समारंभ मी इथे सविस्तर सांगत नाही, तो बघायचा. पाऊस घरात पडतो, घर फिरायला लागतं, पाहुणे आतल्या आत भिंतींवर आपटतात, आणि बाहेर पडलेला बस्टर दारातून आत उडी मारायला बघतो. पण दार दर वेळी पुढे निघून गेलेलं असतं. चित्रपटाचा हा सगळ्यांत गाजलेला भाग, आणि मला तो किंचित लांबलेला वाटतो. आईला मात्र तोच जास्त आवडला. तिच्या मते वास्तुशांतीला आलेल्या लोकांचं असंच व्हायला हवं. “जेवून जातात आणि नळ कुठे बसवायला हवा होता ते सांगून जातात.”

खरा घाव शनिवारी बसतो. एक माणूस येऊन सांगतो की तुम्ही चुकीच्या प्लॉटवर घर बांधलंय. पाटी उलटी लटकत होती. तुमचा प्लॉट नव्व्याण्णव, हा सहासष्ट. तुमचा रुळांच्या पलीकडे. म्हणजे पेट्यांवरचे नंबर कुणी मुद्दाम बदलले म्हणून घर वाकडं, आणि पाटीवरचा नंबर वाऱ्याने की कशाने उलटला म्हणून घर चुकीच्या जागी. एका आकड्यामागे द्वेष, दुसऱ्यामागे कुणीच नाही. घराला दोन्ही सारखेच. या ठिकाणी कुठलाही दुसरा विनोदी नट आकाशाकडे बघून हात पसरेल. बस्टर पिंपं गोळा करायला लागतो. घराखाली पिंपं घालून, मोटारीला दोर बांधून ते पलीकडे न्यायचं. दोर तुटतो, तेव्हा तो मोटार घरालाच खिळे ठोकून जोडतो. मोटारीचा खालचा सांगाडा चालू लागतो आणि वरची बैठक घराबरोबर मागे राहते. घर रुळांवर अडकतं. गाडी येते.

कॅमेरा असा ठेवलाय की एकच रूळ असावा असं वाटतं. दोघं घर हलवायला बघतात, नाही हलत, शेवटी बाजूला होऊन मान फिरवतात. गाडी धडधडत येते आणि शेजारच्या रुळावरून निघून जाते. घराला धक्काही नाही. आपण सुटकेचा श्वास सोडतो, ते दोघंही सोडतात, आणि दुसऱ्या बाजूने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. हे मी आता लिहून टाकलं म्हणून काही बिघडत नाही. माहीत असतानाही तिथे पोटात खड्डा पडतो. पहिल्या गाडीने आपल्याला शिकवलेलं असतं की या दुनियेत थोडी दयामाया आहे. त्या धड्यानंतर दुसरी गाडी यायला फार तर दोन श्वासांचा वेळ. विनोदात वेळेला महत्त्व असतं असं सगळेच म्हणतात, पण त्या वेळेत प्रेक्षकाच्या मनात नेमकं काय भरून ठेवायचं हे थोड्यांना कळतं.

आई काही बोलली नाही. मी तिला कीटनचं पुढचं थोडं सांगितलं. १९२१ मध्ये त्याचं खरोखरचं लग्न झालं. बेव्हर्ली हिल्समध्ये त्याने मोठी इटालियन धाटणीची हवेली बांधली. १९२८ मध्ये तो एमजीएम या बड्या स्टुडिओच्या नोकरीत गेला आणि कामावरचा त्याचा ताबा सुटला. मग दारू, घटस्फोट, हवेलीही गेली. पन्नाशीच्या दशकात ती जेम्स मेसन या नटाकडे होती, आणि तिथे ठेवणीत पडलेले कीटनच्या जुन्या चित्रपटांचे डबे त्याला सापडले. असे चित्रपट जपले गेले, पुन्हा दाखवले गेले, आणि कीटन १९६६ मध्ये गेला त्याआधी लोक त्याला नव्याने ओळखायला लागले होते. आईला यातलं हवेलीचं तेवढं लक्षात राहिलं. “खऱ्या घराचं तरी ओळंब्यात होतं का?” तिने विचारलं. घराबद्दल विचारत होती की संसाराबद्दल, ते मी विचारलं नाही.

मग आम्ही शेवट पुन्हा लावला, कारण चुराडा झाल्यावर काय होतं ते तिने नीट पाहिलं नव्हतं. हँकने नंबर बदलले हे या दोघांना कधीच कळत नाही, म्हणजे दोष द्यायला त्यांच्याकडे तिसरा माणूसही नाही. बस्टर ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ची पाटी लावतो. निघतो. काहीतरी आठवल्यासारखा परत येतो आणि घर बांधायचं सूचनापत्र त्या पाटीला जोडून ठेवतो. मग बायकोचा हात धरून चालू लागतो.

मला वाटलं की आई आता त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल काही म्हणेल. ती चष्मा वर करून म्हणाली, “पेट्यांवरचे नंबर कुणी नीट केले? पुढचा माणूस परत तसलंच बांधणार की गं.”